वायसरची सावड

सोनबाचं आणि त्याच्या कमरेचं वाकडं जुनंच होतं. यंदाच्या आषाढात त्यात पोराचीही भर पडली.

पोरगा धनाजी टेम्पो चालवायचा. विंझरच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडात नळाचे रबरी वायसर पाकिटात भरायचं काम चालतं. तिथला माल संध्याकाळी पाचला उचलायचा आणि खेड शिवापूरला पोचवायचा, ही त्याची नोकरी. त्याच शेडात त्याची बायको माधुरी देखरेखीला होती. बारा बायका तिच्या हाताखाली. नवराबायको दोघं कमावती, घरात फ्रिज आला होता, आणि दोघांच्या मते रस्त्याकडेचं पंधरा गुंठ्यांचं भातखाचर म्हणजे डोक्याला ताप होता. शेजारच्या रिसॉर्टवाल्याला ते पार्किंगला हवं होतं. राजगड बघायला येणाऱ्या गाड्या शनिवार-रविवारी ओढ्यात तेवढ्या उतरायच्या बाकी राहिल्या होत्या.

"आबा, भाताच्या आवणीला माणूस मिळत न्हाई," धनाजी म्हणायचा. "समदं गाव कामाला जातंय. कुणी शेडात, कुणी पानशेतला हाटेलात. तुमी आन आई दोघं किती वाकणार?"

"सावड हाय की," सोनबा म्हणायचा.

सावडीवर सोनबाचा देवाइतका भरवसा. आज तुमच्या खाचरात आमी, उद्या आमच्या खाचरात तुमी. ज्या घरानं एक माणूस नेला, त्यानं एक माणूस आणून द्यायचा. सासू दिली का सून दिली, धट्टाकट्टा दिला का पिचका दिला, हे विचारायचं नाही. माणूस म्हणजे माणूस. सोनबाचा बाप असंच करत आला, आणि गावात एवढी मोबाईलची टॉवरं उभी राहिली तरी सोनबाच्या डोक्यातला हिशेब तोच होता.

गेले दोन गुरुवार सोनबा आणि त्याची बायको साळूबाई लोकांच्या खाचरांत राबली होती. शेडाला गुरुवारी सुट्टी, म्हणून आवण्या गुरुवारीच व्हायच्या. शेडातल्याच सुलक्षणाची झाली, दीपमालाची झाली, रत्नाची आणि तिच्या जावेचीही झाली. साळूबाई वाकून रोप लावायची आणि सोनबा बसून रोपांचा तरवा उपटायचा, कारण कमरेनं त्याला वाकायची साफ बंदी घातली होती. तिसरा गुरुवार सोनबाचा. चौघी येणार, ठरलेलं.

त्या भरवशावर त्यानं एका जेवणाला साळूबाईसमोर ताटाला हात लावून धनाजीला सांगितलं, "या साली आवणी पुरी झाली न्हाई, तर पुढच्या सालापासनं दे खाचर पार्किंगला. म्या तोंड उघडणार न्हाई."

"पुरी म्हंजे पुरी?" धनाजीनं विचारलं.

"काडी राहिली तरी न्हाई झाली म्हण."

साळूबाईनं कपाळाला हात लावला. या माणसाला शब्द देताना कधी दमच धरवत नाही, असं तिचं चाळीस वर्षांचं मत होतं.

आणि बुधवारी संध्याकाळी माधुरी कामावरून आली ती चप्पल न काढताच उंबऱ्यात उभी राहिली.

"मामा, उद्याची सुट्टी रद्द केली. तातडीची ऑर्डर आहे. मी मानसिंगसाहेबांना लई विनवलं. ते म्हणाले, मला उद्या बारा माणसं उभी पाहिजेत, बाकी मला काही सांगू नको. पाचच्या टेम्पोत माल चढला नाही तर माझी देखरेख काढून घेतील."

सोनबानं आपल्या पायांकडं बघितलं. वाडीतल्या गेनूकडून पॉवर टिलर आणून त्यानं दिवसभर चिखलणी केली होती. पायाला अजून चिखल होता. तरवा महिन्याच्या वर गेला होता, चार दिवसांत गाठी धरल्या असत्या आणि मग लावून न लावून सारखंच. धनाजी तोंड धुवायला गेला. त्याला वाईट वाटलं नव्हतं असं नाही, पण रिसॉर्टवाल्याचा नंबर त्याच्या मोबाईलात वरच होता.

"काय म्हणला तो मानसिंग?" सोनबानं एकाएकी विचारलं.

"बारा माणसं उभी पाहिजेत."

"कुठली ते म्हणला?"

"नाही. पण मामा..."

"मंग झालं की," सोनबा म्हणाला. "चार बायका खाचरात, चार माणसं शेडात. सावडच हाय ही."

तो तसाच उठला आणि वाडीत फिरून आला. वाडीत उरली होती ती तीनच रिकामी माणसं. एक गेनू, सोनबाचा लंगोटीयार, गालात सदा तंबाखू. दुसरा चिमाजी, यष्टीत तीस वर्षं कंडक्टर होता आणि निवृत्त झाला तरी चार माणसं दिसली की त्यांना पुढं सरकायला सांगायचा. तिसरी रतनबाई, वय सत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"वाकायचं न्हाई ना?" रतनबाईनं एवढंच विचारलं. "म्या वाकले तर उठवायला जेसीबी आणावा लागंल."

"स्टूल हाय बसायला."

"मंग चला. कंपनी तरी बघू मरायच्या आदी."

*

गुरुवारी सकाळी नऊला मानसिंग शेडाच्या दारात आला आणि जागीच थबकला. मानसिंग हा शेडाचा व्यवस्थापक. पांढरा शर्ट, चकाकते बूट, कानात कायम फोनचं बोंडूक. त्यानं आठ बायका बघितल्या, मग चार म्हातारी बघितली.

"माधुरी, हे काय?"

"बारा माणसं आहेत, सर." माधुरीनं हजेरीची वही पुढं केली. डोक्यावर निळी टोपी होती, तिच्यावरून तिनं पदर ओढला होता, कारण समोर सासरा होता.

"मी उभी माणसं म्हणालो होतो!"

"गेनू, ऊठ," सोनबा म्हणाला. गेनू स्टुलावरून उठून उभा राहिला.

मानसिंगनं घड्याळात बघितलं. आता या वेळेला दुसरी माणसं आणायची कुठून? विंझरच्या चौकात सकाळी सातनंतर रिकामा माणूस औषधालाही सापडत नव्हता. "हजेरी नावं बदलून होणार नाही," तो करवादला. "ज्यांची नावं आहेत त्याच नावांनी लागेल. आणि इथं देखरेखीच्या बाईला मॅडम म्हणायचं. नाती घरी ठेवून यायची."

त्यानं हजेरी घेतली.

"सुलक्षणा?"

"हाय," सोनबा म्हणाला.

"दीपमाला?"

"हजर!" मिशीवरून हात फिरवत गेनू ओरडला. बायकांची रांगच्या रांग पदरात तोंड घालून हसू लागली. चिमाजी रत्ना झाला आणि रतनबाई रत्नाची जाऊ झाली. "ह्या वयात परत कुणाची जाऊ व्हायचं नशिबी आलं," म्हणून तिनं बोटं मोडली.

मग जाळीच्या टोप्या आल्या. माल बाहेर देशी जाणार, त्यात केस जाता कामा नये, असा नियम होता.

"नळात केस गेला तर नळ शिंकतो व्हय?" रतनबाईनं विचारलं.

गेनूच्या आणि सोनबाच्या मिशीलाही जाळी घालावी लागली. तंबाखू थुंकून यावी लागली, ती थुंकायला बाहेर जाताना दारावरच्या माणसानं त्याचे खिसे तपासले. गेनूच्या साठ वर्षांच्या आयुष्यात त्याचे खिसे कुणी तपासले नव्हते. तो परत आला तो तोंड पाडूनच. "वायसर चोरून म्या काय करू?" एवढंच तो दोनदा म्हणाला. सोनबाला वाईट वाटलं. मग त्याला सुचलं की आपली सून रोज या दारातून जाते आणि रोज तिचीही पर्स तपासली जाते. घरी येऊन ती कधी बोलली नव्हती.

काम साधं होतं. समोर काळ्या वायसरची रास. शंभर मोजायचे, पाकिटात घालायचे, पुढं सरकवायचं. पुढची बाई वजनाच्या काट्यावर ठेवणार. कमी भरलं तर काट्याचा लाल दिवा लागायचा, मग परत मोजायचं. नाहीतर चिकटवून खोक्यात. या टेबलाला पाचपर्यंत चारशे पाकिटं हवी होती.

सोनबा धान्य मोजतात तसं मोजायला लागला. "लाभ... दोन... तीन..."

"मामा, एक म्हणा की," माधुरी हळूच म्हणाली.

"पयल्याला लाभच म्हणत्यात. खळ्यावर एक म्हणलं तर बरकत जाती."

माधुरीला रागवायचं होतं, पण सासऱ्याला कसं रागवणार? ती गेनूकडं वळून म्हणाली, "गेनूकाका, मामांना सांगा, जरा लवकर हात चालवा." गेनू सोनबाच्या मांडीला मांडी लावून बसला होता, तरी त्यानं निरोप पोचवला. सोनबानंही उत्तर गेनूलाच सांगितलं. मॅडम म्हणायचं नियमात होतं, सुनेला मॅडम म्हणायला जीभ वळत नव्हती, म्हणून सोनबानं दिवसभर तिला हाकच मारायची नाही असं ठरवून टाकलं. लघवीला जायची परवानगीसुद्धा त्यानं चिमाजीकरवी मागितली.

अकरा वाजेपर्यंत चौघांची मिळून चाळीस पाकिटं झाली होती. चिमाजी तिकिटं मोजल्यासारखा झरझर मोजायचा, पण सत्तरच्या पुढं गेला की त्याला कुठला तरी थांबा आठवायचा आणि तो गोष्ट सांगायला लागायचा. रतनबाईची बोटं थरथरत होती. माधुरी येरझाऱ्या घालत होती. तिचा चेहरा ओढला गेला होता, आणि तिचे पाय सुजलेले सोनबाला दिसले. सकाळपासून ती एकदाही बसली नव्हती. देखरेखीच्या बाईला स्टूल नव्हतं.

"च्यायला, माणूस दाणं कधी मोजतो का?" सोनबा एकदम म्हणाला. "दाणं मापतो!"

त्यानं पाण्याच्या पिंपावरचा स्टीलचा पेला आणला. पुसला. शंभर वायसर मोजून त्यात टाकले. बरोबर काठोकाठ आले. परत मोजून टाकले, परत काठोकाठ. मग त्यानं चौघांना तसलेच चार पेले वाटले, आणि शेडात खळं सुरू झालं.

"लाभ!" सोनबा पेला ओतायचा. "दोन!" गेनू. "तीन!" रतनबाई. "पुढं सरका, मधी जागा हाय!" चिमाजी. पाकिटांचा ढीग वाढला. काट्याचा लाल दिवा एकदाही लागला नाही. मानसिंग दोनदा येऊन बघून गेला, दुसऱ्यांदा त्यानं कानातलं बोंडूक काढून बघितलं. बाकीच्या आठजणी मान वळवून बघायला लागल्या. दुपारच्या डब्याला माधुरीनं सासऱ्याच्या ताटात स्वतःच्या डब्यातली भेंडीची भाजी वाढली आणि पहिल्यांदा जरा हसली.

जेवतानाच साळूबाईचा फोन आला. ती फोनवर अशी ओरडायची की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "अर्ध्याच्या वर झालंया! पोरींनी लई रेटा लावलाय! पाऊस भुरभुर हाय, पाणी झक्कास हाय!"

सोनबानं मिशीची जाळी खाली ओढून तोंड पुसलं. खाचर पार्किंगला जात नव्हतं. माप जमलं होतं. आपल्याएवढा हुशार माणूस सगळ्या वेल्हे तालुक्यात नाही, असं त्याला साडेतीन वाजेपर्यंत वाटत होतं.

*

साडेतीनला वायसर संपले.

रास संपली, पोतं झटकलं, आणि चारशेला अजून तीस पाकिटं कमी होती. माल मोजून आला होता. चारशे पाकिटांना पुरेल एवढाच. माधुरी पांढरीफटक पडली. तिनं एक बंद पाकीट फोडलं आणि टेबलावर मोजलं. एकशे आठ. दुसरं फोडलं. एकशे नऊ.

"पेला काठोकाठ म्हणजे शंभर ना?"

"व्हय," सोनबा म्हणाला.

"मग हे वरचे आठ कुठनं आले?"

"म्हंजे काय, वर नको व्हय घालायला?" सोनबाला प्रश्नच कळेना. "सपाट माप कुणी देतं का? माप भरायचं, आन वर चिमूट टाकायची. दारात आलेल्याला बी आपण वर मूठ घालतो. हे तर गिऱ्हाईक हाय."

"म्या बी घातली," गेनू म्हणाला.

"म्या जरा जास्तच घातली," रतनबाई म्हणाली. "लांबनं न्यायचं हाय म्हणलं."

काटा कमी भरलं तरच बोंबलायचा. जास्त दिलं म्हणून ओरडावं, असं तो काटा बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अहो, हे भात आहे का?" माधुरी ओरडली. पूर्ण शेडाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली. "शंभर म्हणजे शंभर! तुमचं दातृत्व आणि माझी नोकरी!"

 सासऱ्यावर आवाज चढवायची तिची ही पहिलीच वेळ. तिचा पदर टोपीवरून कधी घसरला ते तिलाही कळलं नाही. ओरडून झाल्यावर ती तोंड फिरवून उभी राहिली. सोनबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मात त्याच्या मापात कुणी खोट काढली नव्हती, आणि आज निघाली ती जास्तीची.

तेवढ्यात मानसिंग आला. त्याला सगळं सांगावं लागलं. "पाचला टेम्पो सुटतो," तो एवढंच म्हणाला. "तीनशे सत्तर पाकिटं फोडून परत भरायची? दीड तासात? कोण भरणार? बाकीच्या आठजणींचा स्वतःचाच माल अडकलाय."

माधुरीनं डोळे पुसले. "चौघी आल्या तर होईल. त्यांचा हात बसलाय. पण त्या..." ती थांबली. त्या कुठं होत्या ते मानसिंगला सांगायची सोय नव्हती, आणि सासऱ्याला सांगायची गरज नव्हती.

सोनबानं साळूबाईला फोन लावला. "किती राहिलं?"

"वरचा कोपरा तेवढा राहिलाय! तासाभराचं काम! रोपाची मूठ-मूठ टाकून ठेवलीया!"

सोनबानं माधुरीच्या पायांकडं बघितलं. चप्पलचा पट्टा सुजेत रुतला होता. कोपरा त्याच्या डोळ्यांसमोर होता, तिथं बांधाला जांभूळ आहे आणि पाणी सगळ्यात आधी साचतं. काडी राहिली तरी नाही झाली, हा शब्द त्यानंच दिला होता.

"कोपरा ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "पोरींना हिकडं धाड. हाय तशा."

"अवो पर शबूद..."

"धाड म्हणलं ना!"

चौघी पंधरा मिनिटांत आल्या, एका पिकअपला हात करून, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर प्लास्टिकचे कागद. दारावरच्या माणसानं त्यांचे खिसे तपासायला हात पुढं केला आणि चिखल बघून मागं घेतला. मग आठ माणसं टेबलाला बसली. म्हातारी पाकिटं फोडायची, पेला भरायची, आणि सुलक्षणा काठावरून पट्टी फिरवून वरचे पाडायची. गेनूचा हात सवयीनं वर चिमूट टाकायला जायचा, दर वेळी दीपमाला त्याच्या मनगटावर चापट मारायची. साडेचारला मानसिंगनं बाह्या सारल्या आणि तोही बसला. त्याला पेला सपाट करायला रतनबाईनं शिकवलं, आणि दोनदा "आरं सांडू नगं, मेल्या" म्हणाली. तिसऱ्यांदा तो स्वतःच "लाभ" म्हणाला.

पाच वाजून दहा मिनिटांनी धनाजीच्या टेम्पोत शेवटचं खोकं चढलं. चारशे पाकिटं, एकही चकती वर नाही.

*

संध्याकाळी घरी चहा झाला. धनाजी माल पोचवून आला होता. माधुरी चुलीपाशी बसली होती, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, मान खाली. दुपारी ओरडले त्याची माफी कशी मागावी हे तिला कळत नव्हतं, आणि सोनबाला तिच्याकडं कसं बघावं हे कळत नव्हतं.

"कोपरा राहिला," सोनबा शेवटी धनाजीला म्हणाला. "म्या दिलेला शबूद हाय. सांग त्या रिसॉर्टवाल्याला, पुढच्या सालापासनं घे म्हणावं."

धनाजीनं कपातला चहा संपवला. "काय देऊ त्यांना? कोपरा? दोन मोटरसायकली बसत्याल त्यात."

"थट्टा करू नगंस."

"थट्टा न्हाई, आबा. आज टेम्पो रिकामा गेला असता तर उद्यापासनं दुसऱ्याचा लावला असता त्यांनी. माझी बी नोकरी त्या कोपऱ्यानंच राखली." त्यानं मोबाईल उचलला, त्यात काहीतरी शोधलं आणि परत उपडा ठेवला. "आन मानसिंगसाहेब इचारत व्हते, ती पेलेवाली चार म्हातारी आठवड्यातनं दोन दिवस येत्याल का. त्यांच्याच नावांनी हजेरी लावतो म्हणले."

"रतनबाईला इचार," साळूबाई म्हणाली. "तिनं मगाशीच वाडीला सांगून टाकलंय, म्या कंपनीत लागले म्हणून."

"पर शबूद..." सोनबा परत सुरू झाला.

"मामा."

माधुरीनं पाय घमेल्यातून काढले. ती उभी राहिली. तिचा आवाज शेडातला होता, पण त्यात राग नव्हता.

"आवणीची मुदत संपली असं कोण म्हणालं? तरव्याला अजून तीन दिवस आहेत. उद्या सकाळी सहाला खाचरात. मी, आत्याबाई, आणि हे. नऊच्या आत कोपरा होतो. तुम्ही बसून मुठी द्यायच्या, वाकायचं नाही. आणि सहा म्हणजे सहा. उशीर झाला तर खाडा लावीन."

साळूबाईच्या हातातली पळी हातातच राहिली. धनाजीनं कपात बघितलं, कप रिकामा होता तरी.

सोनबानं सुनेकडं नीट बघितलं. दिवसभर अडलेली जीभ आता वळली.

"व्हय, मॅडम," तो म्हणाला.

माधुरीला आधी रडू फुटलं आणि मग हसू. साळूबाई एवढी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सोनबा पावणेसहालाच जांभळाखाली मुठी सोडून बसला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कामावर उशीर व्हायची भीती वाटली होती.